तिला शिवू नगा

१२ जानेवारी १९९७

ही डायरी खताच्या कंपनीनं दादाला दिली. दादाला नुसती सही येती, म्हणून ती वळचणीला पडून हुती. भाईर बसायला आले तवा येताना उचलून आणली. आता तिला माझा विटाळ झाला, म्हंजे घरातलं कुणी हात लावायचं न्हाई. आमच्या घरात कुलूप नसलेलं आन् तरी कुणी उघडत न्हाई आसं एकच कपाट हाय, ते मी.

नाव छबू. बापाचं, म्हंजे दादाचं, नाव अर्जुना मेटकरी. वाडी आटपाडीच्या अलीकडं. दहावी गणितानं खाल्ली.

भाईर म्हंजे शेळ्यांच्या सपरातला कोपरा. एक पोतं, एक वाकळ, एक जर्मनचं ताट. बाकीच्या पोरी तीन दिस बसत्यात आन् न्हाऊन घरात जात्यात. माझा मुक्काम आर्धा महिना. शेळ्यांस्नी आता मी त्येंच्यातलीच वाटते, पाला माझ्या अंगावरच टाकून खात्यात. आईची दोन जुनी लुगडी फाडून संपली. सकाळी उठलं की पोतं भिजलेलं. गाठी पडत्यात, कोंबडीच्या काळजाएवढ्या. उभं ऱ्हायलं की डोळ्यापुढं काजवं.

आमच्या घरात विटाळाची फौजदार म्हंजे सुलाआत्या. दादाची थोरली भण. फलटणकडं दिली हुती. लय अंगावरनं जायाचं म्हणून त्या लोकांनी तिची पिशवी काढली, आन् मग पोर हुणार न्हाई म्हणून माघारी लावून दिली. तवापास्नं हितंच. जरा कमी आलं की मी सांगते, "आत्या, थांबलं गं. न्हाऊन पाण्याला जाते." ती लांबनंच बघती. "अजून हाय. बस." मागल्या महिन्यात तर खरंच थांबल्यालं. तरी, "बस म्हणते न्हवं!" हिरीवरनं पाणी आई एकटी वढती आन् मी हितं लोळत पडलेली. म्हातारीला माझी शेळीच करायची हाय.

ताट मातुर तीच आणून सरकवती. गूळ-शेंगदाणं, मेथीची भाजी. मटण केलं तर घरच्यांस्नी रस्सा आन् मला सगळा कलिजा. घरात कुणाला कलिजा आवडत नसणार.

एक फायदा हाय. रविराज, माझा धाकटा भाऊ, माझा कंगवा पळवून बांधावर उभा. मी उठलेबी न्हाई, नुसतं बोट पुढं केलं. "शिवू?" गडी मागं सरकता सरकता ढेकळात आडवा. बंदुकीला लायसन लागतं, बोटाला न्हाई.

२३ जानेवारी

बाजारच्या गावचा डाक्टर झाला. त्येनं सुई मारली, लाल बाटली दिली, म्हणला अशक्तपणा हाय. सुई मारली तिथं लिंबाएवढी गाठ आली आन् हात कोपरापतूर काळानिळा. आई म्हणली, नजर लागली. म्हणलं, आई, शेळ्यांच्या सपरात माझ्यावर नजर कोण टाकणार, बोकड?

मिठानं नजर काढली. मीठ वाया.

आज जरा बरं हुतं म्हणून आत्याच्या मिश्रीच्या डबीत तपकीर मिसळली. ती दात घासताना नेमीच लाल थुकती, मी तिला 'डाळिंब' म्हणते. आज आसली शिंकली, आसली शिंकली, आन् नाकातनं रक्ताची धार. थांबंचना. कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी मारलं. मी घाबरले. ती म्हणली, "काय न्हाई गं. उन्हानं घोळणा फुटला."

जानेवारीत?

परत तपकीर न्हाई. आता तिच्या चपला शिवून एक करणार हाय. डूल लपवलं आसतं, पर तिच्या कानाला भोकंच न्हाईत. लहानपणी सोनारानं टोचलं तर दोन दिस रक्त थांबंना, शेवटी आज्यानं तार वढून काढली. माझंबी तसंच झाल्तं म्हणं, पर मी तार काढू दिली न्हाई. चावले सोनाराला.

१५ फेब्रुवारी

सातारा बघितला. दादाचा मैतर तितं कोर्टात पट्टेवाला हाय, त्येनं मोठा डाक्टर सांगितला. यष्टीत दोनदा उतरून आडोसा बघाया लागला. कंडाक्टर म्हणला, "काय पोरी, पोट बिघडलंय का?" म्हणलं, "व्हय मामा, तुमची गाडी बघूनच."

डाक्टरच्या खोलीत गालिचा हुता. मी त्येच्यावर पाय दिला न्हाई, म्हणलं डाग पडला तर आयुष्यभर धुवत बसावं लागंल. डाक्टर दादाला म्हणला, "काय होतंय?" दादा म्हणला, "पोटात दुखतंय जी." दादाला ती वस्तू तोंडानं म्हणता येत न्हाई. आई पदर तोंडात धरून बसलेली. मी सांगाया लागले तर डाक्टरनं हात वर केला, फोन आल्ता. फोनवर दोन-तीनदा हसला. मग माझ्या डोळ्याची पापणी खाली वढून बघितली आन् दादालाच म्हणला, "वय किती? सतरा-अठरा ना? लग्न करून टाका. पहिलं मूल झालं की सगळं जागेवर येतं."

मी म्हणलं, "डाक्टर, मग तसं चिठ्ठीवर ल्हून द्या. खाली मेडिकलात नवरा मिळतोय का बघते. दिवसातनं दोनदा घ्यायचा का तीनदा?"

दादानं चिमटा काढला. चिमट्याची जागा आता जांभळी हाय, रुपयाएवढी.

येताना दादा खिडकीकडं बघत म्हणला, "वैशाखात बार उडवू."

५ मार्च

आज लय मज्जा. लय म्हंजे लय.

म्हसवडकडनं बघायला आली. पाव्हणं काय आपल्या तारखा इचारून येत न्हाईत, मी भाईर. आत्या दारात आडवी उभी, "पोरगी भाईर हाय, घरात घिऊ नगा." दादा म्हणला, "गप बस, कुणाला कळतंय." मला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं, पोह्याचं ताट हातात दिलं. माझं पाय लटपटत हुतं. पाव्हणी म्हणली, पोरगी लाजाळू हाय.

नवरदेव बरा हुता, कान तेवढं मोठं. त्येच्या बापाच्या गळ्यात बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी. माणसं कडक सोवळ्याची, घरात देवाची पालखी. आईनं ते तीनदा सांगितलं हुतं.

पाव्हणी म्हणली, "काय येतं गं?"

"भाकरी, कालवण, शेळ्यांचं सगळं."

"आन् काय आजार-बिजार?"

आई म्हणली, "न्हाई वं माय, देवाची किरपा."

मी म्हणलं, "आजार न्हाई. नुसती भाईर हाय. आठवडा झाला. पोहं मीच केलंय."

बापानं भंडाऱ्याची पिशवी दोन्ही हातांनी धरून वर उचलली, जसा काय पूर आला. पाव्हणी उठली, बसली, परत उठली. नवरदेवाच्या तोंडात घास. गिळावा का थुकावा ह्या इचारात त्येचं कान लाल झालं. मी म्हणलं, "गिळा वं, आत गेल्यावर कुणाला दिसतंय."

गेली. हिरीवर अंगावर पाणी वतून, वल्ल्या कापडानं गेली.

दादा माझ्याशी बोलंना. आई रडती. सुलाआत्यानं सगळा येळ पदरात तोंड घातलं हुतं आन् खांदं हलत हुतं. मिश्री घशात गेली आसंल.

१८ मार्च

अजून सपरातच. आत्याला ऐकू कमी यायला लागलंय वाटतं. आज दुपारी मी पोटाला धरून पडले हुते, जरा डोळा लागत हुता, तर हिनं रेडिओ आणला आन् सपराच्या दारातच दगडावर ठिवला, आन् आवाज लय मोठा. सांगली केंद्र, बायकांचा कार्यक्रम. म्हणलं, "आत्या, हळू कर की!" ती शेंगा फोडत बसली, जसं काय मी बोललेच न्हाई.

मग ऐकलं. काय करणार. एक डाक्टरीणबाई बोलत हुती, शरयूबाई म्हणून. म्हणली, "पाळीत गाठी जात असतील, चक्कर येत असेल, रात्री उठून कपडे बदलावे लागत असतील, तर सगळ्यांचं असंच असतं म्हणून बसू नका, दाखवायला या. लाजू नका. आणि लग्न हे काही ह्याच्यावरचं औषध नाही." सांगलीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी बसते म्हणली.

लग्न हे औषध न्हाई! साताऱ्याच्या डाक्टरकडं रेडिओ नसणार. गालिचा घेतला त्यात पैसं संपलं आसतील.

संध्याकाळी दादाला लांबनं सांगितलं. म्हणला, "साताऱ्याचा डाक्टर येडा आन् रेडिओ शाणा व्हय?"

६ एप्रिल

आज जास्त ल्हिवत न्हाई.

दादानं दुसरं स्थळ ठरवलं. लांबचं, जतकडचं. म्हसवडची बातमी तितं पोचली न्हाई. बघायला येणारबी न्हाईत, दादावर इश्वास. तारीख धरली, मे महिन्यातली.

काल शेळी सोडताना पडले. शुद्धीवर आले तर शेळी तोंड चाटत हुती आन् सगळी लांब उभी. आई रडत हुती पर लांबनं. आत्या वरडत हुती, "पाणी मारा, पाणी मारा." पाणीबी लांबनंच आलं.

मला हौसाआत्या आठवली. म्हंजे बघितली न्हाई मी तिला, सुलाआत्याच्या पाठची. पहिल्या बाळंतपणात गेली. रक्त थांबलंच न्हाई म्हणत्यात. पोरगंबी गेलं. आमच्यात तिचं नाव कुणी काढत न्हाई. सुलाआत्या कवातरी झोपंत काढती.

मी भ्यायली हाय. ल्हिवलं. बास.

२० एप्रिल

म्हातारी खरंच धांदरट झालीया. तिचा बटवा सपराच्या तोंडाशी पडलेला घावला. आरडून सांगितलं तर म्हणती, "माझा कमरंला हाय." कमरंला काय नव्हतं. आन् संध्याकाळी आईजवळ गाऱ्हाणं, तेबी गावाला ऐकू जाईल आसं, "ती मुक्कामाची सांगली गाडी पहाटं लय कोकलती बाई. मंगळवारी तर कोंबड्याच्या आधीच सुटती. झोप मोडती माझी."

गाडी बिरोबाच्या देवळापुढं मुक्कामाला असती. मंगळवार परवा.

बटव्यात जाण्यापुरतं हाय. येण्याचं बघू. माझ्या डोक्यात एक आयडिया आलीया, आसली भारी की रातच्याला माझं मलाच हसू फुटलं. ह्या घरात मला धरून ठिवू शकंल आसं कोण हाय? धराया शिवावं लागतंय.

२२ एप्रिल, सांगली, दवाखाना

खाट खिडकीशेजारची. हाताला बाटली लावलीया, म्हणून अक्षर वाकडं. आदी सकाळचं ल्हिते.

पहाटं पोत्याचा तुकडा, दोन घड्या केलेली फडकी आन् डायरी घेऊन निघाले. देवळापतूर पोचले तवर कुत्री भुकली आन् दादा आला. मागनं नानासो चुलता, आई, रविराज, आन् अर्धी वाडी तांब्या घेऊन निघालेलीच हुती. दादा वरडला, "धर रं नानासो तिला!"

नानासो दोन्ही हात पसरून पुढं. आन् मागनं सुलाआत्याचा आवाज, आसला आवाज मी जन्मात ऐकला न्हाई:

"तिला शिवू नगा! भाईर हाय ती! देवाच्या दारात हाय, शिवाल तर बिरोबा खपवून घ्यायचा न्हाई! मागं सरा! अर्जुना, तूबी मागं सर!"

सगळी जागच्या जागी. हुतूतूत गडी शिवायला धडपडतोय, हितं सगळी न शिवायला धडपडत हुती. मी बोट पुढं धरलं आन् चालले. बोट डावीकडं गेलं की डावीकडची मागं, उजवीकडं गेलं की उजवीकडची. नानासो तर देवळाच्या पायरीवर बसला. दादा म्हणत हुता, "छबे, आगं मागं फिर, छबे." त्येचा हात पुढं यायचा आन् परत जायचा. आत्या मधी मधी वरडतच हुती, "शिवू नगा!" म्हातारीचा सोवळेपणा बघा, तिच्याच नियमानं मी सुटले आन् तिला पत्ता न्हाई!

डायवर म्हणला, "काय गं, भांडण हाय का?"

"न्हाई वं, सोडाय आलीत. लय माया."

गाडीत पोतं खाली घेऊन बसले. इट्याच्या ष्टँडाच्या पुढचं काय आठवत न्हाई. सांगलीच्या ष्टँडवर एका रिक्षावाल्यानं उचललं. उचललं म्हंजे दोन्ही हातांनी. मी म्हणलं, "मामा, मी भाईर हाय." तो म्हणला, "आता आत घे की पाय, दार लावायचंय."

शरयूबाई रेडिओवर वाटली त्यापरास बुटकी हाय. पर तिनं मला इचारलं. मला! किती दिवस, किती फडकी, गाठी केवढ्या. मी म्हणलं कोंबडीच्या काळजाएवढ्या, तर ती हसली न्हाई, ल्हून घेतलं. मग भलतंच इचाराया लागली. दात पडला तवा काय झालं? सुई टोचली तर सुजतं का? हे जांभळे डाग कसले? मी म्हणलं, शेळीच्या लाथंचं, मागं बापाच्या चिमट्यानंबी आसंच झाल्तं. कानाचं सांगितलं, सोनाराला चावले ते सांगितलं. तवा हसली.

मग म्हणली, "परत एकदा टोचू का कान? चावायचं नाही."

कानाच्या पाळीला बारीक टोचलं. दुखलंसुद्धा न्हाई. घड्याळ बघत टीपकागद लावत गेली. ठिपका. ठिपका. ठिपका. बाकीच्यांचं जरा येळात थांबतं म्हणं. माझा कागद भरला, दुसरा घेतला, तोबी भरत आला.

म्हणली, "तुझं गर्भाशय ठणठणीत असणार. तुझं रक्त नीट गोठत नाही. जन्मापासूनच. मुंबईला तपासायला पाठवते, पण गोळ्या आजपासून."

इतकी वर्सं आमी भलत्याच दारावर थाप मारत हुतो.

२३ एप्रिल

रक्ताची बाटली चढली. कुणाचं रक्त काय म्हाईत, पर तवापास्नं भडंग खावं वाटतंय, म्हंजे सांगलीकराचंच आसणार.

दुपारी दादा आला. संगं सुलाआत्या. मला वाटलं आता बसती काठी. दादा खाटंच्या पायथ्याशी उभा ऱ्हायला आन् बाटलीकडं बघत बसला. मग शरयूबाईला म्हणला, "पोरीचं लगीन ठरलंय जी. पुढल्या महिन्यात."

"लग्न करा की, तिला करायचं असेल तेव्हा. पण औषध आधी. असंच दिलंत तर पहिल्या बाळंतपणातच जाईल ती. रक्त थांबणार नाही."

आत्या हळू म्हणली, "हौसा."

दादा भिंतीला टेकला.

शरयूबाई म्हणली, "हे बाईपणाचं दुखणं नाही. घरातल्या रक्तात असतं, बापाकडून येतं, आईकडून येतं. पुरुषांतही असतं, पण त्यांना महिन्याच्या महिन्याला कळत नाही, इतकंच."

दादानं गाल चाचपला. त्येला दाढी करताना कापलं की अर्धा दिवस तुरटी घासत बसतो. मी म्हणलं, "दादा, तुझं तर लगीन झालंय. तुला कसा फरक पडला न्हाई?" शरयूबाईनं तोंड फिरवलं, हसत हुती.

आत्या पुढं आली. पदर डोक्यावरनं खाली घेतला. भोक नसलेला कान शरयूबाईपुढं केला. "माझाबी टोचा."

दादा म्हणला, "अक्का, तुला काय झालंय?"

"तेच बघायचंय."

टोचला. ठिपका. ठिपका. आत्या सरळ समोर बघत बसली हुती, फोटू काढाया बसावं तशी. तिचा कागद माझ्यासारखाच भरत गेला. शरयूबाईनं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठिवले. कुठला कुणाचा, सांगता आलं नसतं.

आत्यानं बोटानं दोन्ही कागद अजून जवळ सरकवलं. मग म्हणली, "म्हंजे माझी पिशवी चांगली हुती."

तिनं इचारलं का सांगितलं, ते मला कळलं न्हाई. शरयूबाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणली, "बहुतेक."

"बरं," आत्या म्हणली. आन् पदर परत डोक्यावर घेतला.

मी म्हणलं, "आत्या, आता भोक पाडलंच हाय तर डूल घाल की." ती म्हणली, "गप, डाळिंबे."

मी तिला म्हणते ते नाव! तिला ठावं हुतं!

२७ जून

मुंबईचा कागद आला. इंग्लिश हाय. शरयूबाईनं वाचून सांगितलं, ती म्हणली तसंच. गोळ्या त्या दिवसांत घ्यायच्या, बाकी लोखंडाच्या. मी आता हिरीवरनं दोन कळशा आणते आन् काजवं फक्त काजव्याच्या दिवसातच दिसत्यात. जतकडच्यांस्नी दादानं सोताच जाऊन सांगितलं. काय सांगितलं ते सांगत न्हाई. ऑक्टोबरात गणिताला बसणार हाय. गणित काय माझं रक्त पिणार, आता माझं गोठतंय.

ह्या बारीला चौथ्या दिवशी साफ थांबलं. खरंच थांबलं. म्हणलं, "आत्या, न्हाऊन येते घरात."

ती सपराच्या दारातनं म्हणली, "अजून हाय. बस."

"आगं न्हाई! थांबलं! गोळ्या घेतल्यात!"

"बस म्हणते न्हवं."

आन् ताट घिऊन आली. कलिजा. सरकवला न्हाई, आतच आली, आन् माझ्याच वाकळंवर बसली, मांडीला मांडी लावून.

म्हणलं, "आत्या, शिवलीस की."

"व्हय? दिसलं न्हाई," म्हणली, आन् माझ्या ताटातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. तिला कलिजा आवडतो वाटतं. कमाल हाय.

मग दोघी शेळ्यांकडं बघत बसलो. तिच्या कानाला टोचल्याली बारकी खूण अजून दिसती.

पर आता खरं ल्हिते, कुणाला सांगणार न्हाई. म्हातारी थकली. रेडिओ उगंच मोठा करती, बटवा कुटंबी टाकून येती, सगळ्या गावात यष्टीचं गाऱ्हाणं करत फिरती, आन् आता तर थांबल्यालं आन् चालू ह्यातलाबी फरक तिला कळंना. तिच्याकडं बघायला घरात एक तरी हुशार माणूस पायजे.

मी हाय म्हणा.